दोघं, दोन सायकली आणि सहा आठवडे

जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे दृश्य ओळखीचं असेल. स्टेशनबाहेर, नाहीतर एखाद्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी, विशीच्या आसपासची दोन परदेशी मुलं सायकली धरून उभी असतात. पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट, छातीवर काळी नावपट्टी. हे मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक. लोक त्यांना 'मॉर्मन' म्हणतात. त्यांच्या चर्चचं खरं नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', आणि २०१८ पासून चर्च या पूर्ण नावाचाच आग्रह धरतं. नावपट्टीवर ते जपानी लिपीत असतं. सोबत मुलाचं किंवा मुलीचं आडनाव, आणि त्याला जोडून मुलग्यासाठी 'चोरो', मुलीसाठी 'शिमाई'. चोरो म्हणजे ज्येष्ठ, शिमाई म्हणजे बहीण. सेवेच्या सगळ्या काळात हाक मारायची ती याच नावाने, अगदी एका खोलीत राहणाऱ्या सोबत्यानेसुद्धा.

त्यांच्या धर्माबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे लिहायचं आहे ते त्यांच्या दिवसाबद्दल. प्रत्यक्ष शिकवणीचे तास त्या दिवसात थोडे असतात. बाकीचा वेळ सायकल, भात, कचरा, भाषा, पालिकेचे कागद आणि सतत शेजारी असणारा दुसरा माणूस सांभाळण्यात जातो. त्यातही हा दुसरा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. जोडी जमली की पावसातला आठवडासुद्धा निभावतो, आणि ती बिनसली की चांगलं शहर, चांगलं चर्च, चांगली भाषा काहीच उपयोगी पडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुलगे २४ महिने सेवा करतात, मुली १८ महिने. २०१२ च्या ऑक्टोबरात तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी किमान वय मुलग्यांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणलं (२०२५ मध्ये मुलींसाठीही ते १८ झालं), आणि तेव्हापासून मुलींची संख्या फार वाढली. आज जगभरात ७०,००० हून अधिक मिशनरी आहेत. देश निवडता येत नाही. आपल्या वॉर्डच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, बिशपमार्फत अर्ज करायचा, डॉक्टर आणि दंतवैद्याचे फॉर्म भरायचे आणि वाट बघायची. अक्कलदाढा आधीच काढून या, असं सांगतात ते उगाच नाही. परक्या देशात दाढ ठणकली तर दोघांचाही आठवडा जातो, कारण दवाखान्यातसुद्धा एकट्याने जायचं नसतं.

पगार नाही. उलट पैसे भरावे लागतात. अमेरिका, कॅनडा, जपान अशा देशांतल्या मिशनरीसाठी २०२० च्या जुलैपासून महिन्याला ५०० डॉलर, त्याआधी बरीच वर्षं ४०० होते. मुलगा महागड्या टोकियोत गेला काय किंवा स्वस्त देशात गेला काय, घरून भरायची रक्कम तीच. पुष्कळ मुलं शाळेत असतानाच साठवायला लागतात, उरलेलं आईवडील किंवा वॉर्डातले लोक घालतात. आपल्याकडच्या माधुकरीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण इथे दारात मागायला मनाई आहे. मिशनरी कुणाकडून देणगी घेत नाही. घरभाडं मिशनचं, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींचं, कार्यालय भरतं. जेवणखाणासाठी दर महिन्याला कार्डावर ठरावीक रक्कम येते आणि ती त्यातच पुरवायची असते.

जपानची नेमणूक झालेल्याला साधारण दोन महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं, सुरुवातीचा काही भाग घरूनच ऑनलाइन आणि पुढचा बहुतेकांचा अमेरिकेतल्या यूटामधल्या प्रोव्हो केंद्रात. व्हिसा लागतो तो 'धार्मिक कार्य' या प्रकारातला. कागद अडकले तर मुलाला तोवर अमेरिकेतल्याच एखाद्या मिशनमध्ये तात्पुरतं कामाला लावतात. नऊ आठवडे जपानी घोकून पुढचे दोन महिने टेक्सासमध्ये इंग्रजी बोलत काढले, तर जपानला उतरेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. अशा वेळी रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करणारा टिकतो, मनातल्या मनात वाचणारा टिकत नाही.

आता दिवस. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ आणि नाश्ता. आठच्या सुमारास अभ्यास सुरू होतो: एक तास स्वतःचा, एक तास दोघांचा मिळून, आणि परकी भाषा असेल तर तिचा वेगळा वेळ. दिवसाचं नियोजन पूर्वी रात्री व्हायचं. २०१७ पासून ते सकाळी आणलं आणि एकूण वेळापत्रकही थोडं सैल केलं, म्हणजे स्थानिक मिशनप्रमुख देशाप्रमाणे वेळा हलवू शकतात. रात्री नऊपर्यंत घरी, कुणाला शिकवणं चालू असेल तर साडेनऊ, आणि साडेदहाला दिवे बंद.

जपानमध्ये या वेळापत्रकाची खरी अडचण संध्याकाळी येते. नोकरदार माणूस घरी येतो सात-आठ वाजता. म्हणजे भेटीगाठींचा चांगला वेळ पाच ते नऊ, आणि नेमक्या त्याच वेळी मिशनरीला भूक लागते. त्यामुळे जेवण साडेचार-पाचच्या आत उरकतात. जी जोडी सात वाजता 'आधी खाऊन घेऊ' म्हणत घरी परतते, तिचा दिवस तिथेच संपतो. सकाळचे तास घरोघरी जाण्यात घालवणं तर वाया जाण्यासारखंच. त्या वेळी अभ्यास, पालिकेची कामं, वृद्ध सदस्यांच्या बागेतलं तण काढणं अशी कामं घ्यावीत.

जोडीदाराबद्दल नियम साधा आहे: एकमेकांना दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचं. अपवाद न्हाणीघर आणि मिशनप्रमुखांबरोबरची खाजगी मुलाखत. जपानमधले मिशनरी जोडीदाराला 'दोऱ्यो' म्हणतात, म्हणजे सहकारी. तो आपण निवडत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कुणी तिथेच राहतो, कुणी हलतो. नव्या मुलाला पहिले दोन कालखंड, म्हणजे बारा आठवडे, शिकवणारा जोडीदार मिळतो.

भांडणं तत्त्वज्ञानावरून होत नाहीत. गजर कुणी बंद करायचा, भांडी कुणी घासायची, इस्त्री करताना गाणं गुणगुणायचं की नाही, यावरून होतात. दोन कारणं मात्र या कामातली खास. पहिलं, सायकलचा वेग. जोरात चालवणारा पुढे निघून जातो, मागचा चढावर धापा टाकत राहतो आणि सिग्नलला दोघं तुटतात. यावर उपाय जुना आणि पक्का: हळू चालवणारा नेहमी पुढे. दुसरं, दारात बोलायचं कुणी. जुन्याची जपानी चांगली, म्हणून तोच बोलत राहतो आणि नवा तीन महिने नुसता हसत उभा राहतो. मग जुन्याची बदली होते आणि नव्याला तोंड उघडता येत नाही. एक दार तुझं, एक दार माझं, हे पहिल्या दिवसापासून पाळलं पाहिजे. नवा अडखळला तर पाच सेकंद गप्प राहायचं, लगेच मदतीला धावायचं नाही. समोरचा माणूस बहुतेक वेळा थांबतो.

आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी बसून एकमेकांना खटकलेलं स्पष्ट सांगायची पद्धत आहे. अनेक जोड्या 'सगळं ठीक आहे' म्हणून ती दोन मिनिटांत उरकतात. तसं करू नये. पाचव्या आठवड्यात होणारा स्फोट दुसऱ्या आठवड्यात न बोललेल्या गोष्टीचा असतो. एवढं करूनही जमलं नाही तर डिस्ट्रिक्ट लीडरबरोबर, म्हणजे जवळपासच्या काही जोड्यांच्या मिशनरी प्रमुखाबरोबर, एका दिवसाची अदलाबदल करून घ्यावी. त्या चोवीस तासांत दोघांनाही दुसऱ्या कुणाबरोबर कसं वाटतं ते कळतं, आणि पुष्कळदा तेवढ्याने गाठ सुटते.

भाषेत मराठी माणसाला जपानी तशी जवळची वाटते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर, 'मी शाळेला जातो' याच क्रमाने वाक्य. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला सगळं उलटं करावं लागतं. पण त्याची मोठी अडचण शब्दसंग्रहाची असते. प्रशिक्षणात 'फुक्कात्सु' म्हणजे पुनरुत्थान, 'आकाशी' म्हणजे साक्ष, 'बापुतेसुमा' म्हणजे बाप्तिस्मा, हे सगळं पाठ झालेलं असतं. मुलगा जपानीत सुंदर प्रार्थना करू शकतो आणि न्हाव्याला 'बाजूने थोडे कमी करा' सांगू शकत नाही. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांत दुकान, टपाल, दवाखाना आणि सायकलवाला यांचे शब्द आधी शिकावेत.

देवाच्या शब्दाचीही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जपानीत 'कामि' म्हणजे देव, पण केस आणि कागद यांचाही उच्चार 'कामि'च. शिवाय जपानच्या जुन्या शिंतो परंपरेत कामि असंख्य: झाडात, डोंगरात, पूर्वजात. त्यामुळे नुसतं 'कामि' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात वेगळंच चित्र उभं राहतं. मिशनरी 'तेन नो ओतोसामा' म्हणतात, म्हणजे स्वर्गातले वडील, आणि मग हे कोण ते सावकाश समजावतात. ही पायरी गाळली तर पुढची सगळी शिकवणी भलत्याच पायावर उभी राहते.

सायकलीवर जरा थांबावं लागेल, कारण जपानमध्ये मिशनरीचे पाय तेच. बदलीबरोबर सायकलही एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते आणि इथेच पहिली चूक होते. जपानमध्ये प्रत्येक सायकलीची 'बोहान तोरोकु' म्हणजे चोरीविरोधी नोंदणी असते, मालकाच्या नावाने आणि त्या त्या प्रांतापुरती. रात्री दिवा न लावता जाणाऱ्या परदेशी मुलाला पोलीस थांबवतात, फ्रेमवरच्या चिकटपट्टीचा क्रमांक तपासतात, आणि नाव निघतं दोन वर्षांपूर्वी घरी परतलेल्या कुणाचं तरी. चोरीचा संशय, चौकीत तासभर, फोनाफोनी. सायकल हातात आली की जुन्या मालकाकडून हस्तांतराचा कागद घ्या आणि सायकलच्या दुकानात नवी नोंदणी करून घ्या. निवासाचं कार्ड तर कायम खिशात हवंच, कायद्यानेच ते जवळ बाळगावं लागतं.

चालवायचं डाव्या बाजूने, एकामागे एक. छत्री धरून चालवायला बंदी आहे, म्हणून पाऊस म्हटला की 'काप्पा', म्हणजे रेनकोट आणि पँट. हेल्मेट २०२३ च्या एप्रिलपासून सगळ्यांनीच घालावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. मिशनरींना ते तसंही सक्तीचं. नकाशा बघायचा असेल तर उतरा, कडेला या आणि मग फोन काढा: २०२४ च्या नोव्हेंबरपासून फोन हातात धरून चालवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. स्टेशनजवळ कुठेही सायकल लावली तर पालिका उचलून नेते आणि सोडवायला पैसे लागतात.

चाकातली हवा दर सोमवारी भरावी. हवा दोन दिवसांत जाते, पंक्चर सापडत नाही, ट्यूब पाण्यात बुडवली तरी बुडबुडा येत नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हवरच्या बारीक रबरी नळीचा असतो, जिला आपल्याकडे वॉलट्यूब म्हणतात. जपानीत 'मुशी-गोमु'. ती उन्हाने चिरते. नवी नळी अगदी स्वस्तात मिळते आणि दोन मिनिटांत बसते: टोपी काढा, वरचा नट सोडा, दांडी ओढून काढा, जुनं रबर सोलून टाका, नवं थुंकीने ओलं करून चढवा. नळी दांडीच्या भोकावर पूर्ण बसली पाहिजे, अर्धी राहिली तर पुन्हा हवा जाते. मुलींची आणखी एक अडचण स्कर्टची. लांब स्कर्ट मागच्या चाकात किंवा साखळीत अडकतो आणि अपघात होतो. २०१८ च्या डिसेंबरपासून मुलींना पँट घालायची मोकळीक मिळाली, सायकलवर फिरणारीने ती घ्यावी. स्कर्टच घालायचा असेल तर क्लिपने आवळून आणि मागच्या चाकाला जाळी लावून.

घर लहान असतं, तातामीची, म्हणजे जाड गवती चटयांची जमीन, दोन नाहीतर चार मुलं. गादी, म्हणजे फुतोन, सकाळी उचलून कपाटात ठेवायची आणि ऊन असेल तेव्हा कठड्यावर टाकायची. घाई म्हणून ती तशीच अंथरून ठेवली तर जूनच्या पावसाळ्यात, त्सुयुत, खाली काळी बुरशी धरते आणि तातामी बदलावी लागते. बदली झालेल्या पोराने केलेल्या बुरशीचा भुर्दंड नव्याच्या माथी येतो. उत्तरेकडच्या होक्काइदोत हिवाळ्यात रॉकेलचा हीटर लागतो, तो झोपताना बंद करायचाच, आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर चालू आहे की नाही ते महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं.

कचरा हा शेजाऱ्यांशी संबंध बिघडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, काच-डबे, प्रत्येकाचा वार ठरलेला. सकाळी आठच्या सुमारास बाहेर असला पाहिजे, आदल्या रात्री नाही. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी चिकटपट्टी लावून तिथेच सोडतात आणि ती कुणाची हे सगळ्या इमारतीला कळतं. ज्या माणसाच्या दारात संध्याकाळी बोलायला जायचं आहे, त्याने सकाळी आपली पिशवी पाहिलेली असते. पालिकेचं वेळापत्रक फ्रिजवर लावा.

जेवणात तांदूळ, अंडी, कोबी, टोफू आणि करीच्या वड्या. करीचा डबा दोन तबकांचा असतो, एका तबकात दोघांची दोन वेळची सोय होते: कांदा परता, चिकन, बटाटा, गाजर घाला, पाणी उकळून भाज्या शिजल्या की आच बंद करा आणि मगच वड्या विरघळवा. आच चालू ठेवून टाकल्या तर गुठळ्या होतात. सुपरमार्केटात रात्री तयार जेवणावर 'हान्गाकु', अर्ध्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात, पण त्या वेळेला मिशनरी बाहेर कामात असतो. म्हणून पैसे वाचवायचे तर सोमवारी पाच किलो तांदूळ घेऊन स्वयंपाक करणं हाच मार्ग. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात फक्त पाव खाणारी जोडी ही पहिल्या आठवड्यात बाहेर खाल्लेली जोडी असते.

चहाचा प्रश्न रोजचा आहे. चर्चच्या आरोग्यनियमानुसार दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य, आणि चहात हिरवा चहाही आला. जपानी घरात पाहुण्याला विचारल्याशिवायच ओचा समोर येतो. तो तसाच ठेवून उठणं उद्धटपणाचं दिसतं. आत शिरल्या शिरल्या, आजी स्वयंपाकघराकडे वळायच्या आधी, 'आम्ही चहा घेत नाही, पाणी चालेल' असं हसून सांगावं. उन्हाळ्यात बहुतेक घरांत 'मुगिचा' असतो, भाजलेल्या जवाचा, त्यात चहाची पानं नसतात, तो आनंदाने प्यावा. तिसऱ्या भेटीला त्या स्वतःच मुगिचा काढून ठेवतात.

आता कागदपत्रं, कारण यात हयगय झाली तर थेट व्हिसावर येते. शहर बदललं की जुन्या पालिकेत 'तेन्शुत्सु तोदोके', निघाल्याची नोंद. नव्या पालिकेत राहायला आल्यापासून १४ दिवसांत 'तेन्न्यु तोदोके', आल्याची नोंद. निवासाच्या कार्डामागे नवा पत्ता लिहून घ्यायचा, आरोग्य विम्याची नोंदही त्याच फेरीत. बदलीच्या गडबडीत मुलं पहिली पायरी विसरतात, आणि दुसऱ्या शहरात गेल्यावर कळतं की जुन्या शहराचा दाखला नसल्याने पुढे सरकत नाही. नोंद ९० दिवस रखडली तर निवासाचा दर्जा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. बदली कळली की दुसऱ्या दिवशी सकाळी पालिका, हा क्रम पाळावा. मोठी बॅग आदल्या दिवशी 'ताकुहाइबिन'ने, म्हणजे सामान घरपोच करणाऱ्या सेवेने, पाठवून द्यावी. दोन बॅगा, सायकलचं हेल्मेट आणि नकाशा घेऊन तीन गाड्या बदलणारा मुलगा त्यातलं काहीतरी स्टेशनवर विसरतोच.

आणि दार. जपानमधलं दार म्हणजे हल्ली इंटरकॉम, कॅमेऱ्यासकट. दहा सेकंद मिळतात. त्यात नाव, चर्चचं नाव आणि कशासाठी आलो ते सांगायचं. 'थोडा वेळ आहे का' अशी गोल सुरुवात करू नये. २०२२ च्या जुलैत माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, तेव्हा मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च या वेगळ्याच पंथाला दिलेल्या देणग्यांचा विषय देशभर गाजला आणि घरोघरी फिरणाऱ्या कुठल्याही धर्माच्या माणसाकडे लोक संशयाने बघू लागले. हे भय खरं आहे, लोकांची कुटुंबं त्यात होरपळली आहेत. उद्देश लपवला तर तो संशय योग्यच ठरतो. बाहेरचं दार कुलूपबंद असलेल्या इमारतीत कुणाच्या मागोमाग शिरू नये. 'कान्यु ओकोतोवारी' ही पाटी, म्हणजे प्रचारकांना मज्जाव, वाचायला पहिल्या आठवड्यात शिकावं.

नकार फार सौम्य शब्दांत येतो. 'केक्को देस'. केक्को म्हणजे छान, उत्तम. नव्या मुलाला वाटतं होकार आला आणि तो पुस्तक काढायला लागतो. खरं तर ते आपल्या 'राहू द्या' सारखं आहे. 'मा नि आत्ते इमास' म्हणजे आमच्याकडे पुरेसं आहे. तेही नकोच. नमस्कार करून वळावं. इथे चिकाटीचा अर्थ तेच दार पुन्हा वाजवणं असा नाही. हेबर ग्रँट धरून चर्चचे पहिले चार मिशनरी १२ ऑगस्ट १९०१ ला योकोहामाला उतरले. बुक ऑफ मॉर्मन या चर्चच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर १९०९ मध्ये आलं. तरी १९२४ मध्ये मिशन बंद करावं लागलं आणि १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं. आज टोकियो, सप्पोरो, फुकुओका आणि ओकिनावात चर्चची मंदिरं आहेत. या देशात काम सावकाशच होतं.

दारापेक्षा जास्त ओळखी 'एइकाइवा'त होतात, म्हणजे चर्चमध्ये आठवड्यातून एकदा चालणारा फुकट इंग्रजी वर्ग. निवृत्त माणसं, गृहिणी, परीक्षेची तयारी करणारी मुलं येतात. तयारी न करता 'आज काय बोलू या' असं विचारणारा शिक्षक दुसऱ्या आठवड्याला रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहतो. एक व्याकरणाचा मुद्दा, दहा शब्द, जोडीने बोलायचा सराव, एवढं कागदावर हवं. धर्माचा भाग शेवटी, ऐच्छिक आहे हे सांगून. इंग्रजी शिकायला आलेल्याला फक्त इंग्रजी शिकून घरी जाता आलं पाहिजे. हे जिथे पाळलं जातं तिथेच पुढे कुणीतरी आपणहून प्रश्न विचारतो.

शिकवताना आणखी एक नियम काटेकोर: घरात फक्त एकटी बाई असेल तर दोन मुलगे आत जात नाहीत, दुसरी प्रौढ बाई सोबत हवी, आणि मुलींच्या बाबतीत उलट. दारात उभं राहून वेळ ठरवावी आणि वॉर्डातल्या कुणाला बरोबर आणावं. प्रत्येक भेटीची नोंद फोनमधल्या ॲपमध्ये करायची: काय बोलणं झालं, पुढची वेळ काय, घरी कोण आजारी आहे. सहा आठवड्यांनी येणारा परका मुलगा त्या नोंदीच्या जोरावरच त्या दारात उभा राहणार असतो. 'छान बोलणं झालं' एवढीच ओळ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

कुणी बाप्तिस्म्याला तयार झालं तर त्याची मुलाखत शिकवणारे घेत नाहीत, दुसरा लीडर घेतो. अल्पवयीन असेल तर पालकांची परवानगी. मग ज्यात बाप्तिस्मा देतात तो हौद. तो भरायला काही तास लागतात आणि गरम पाणी मध्येच संपतं, म्हणून सकाळीच नळ सोडावा आणि तळाचं बूच नीट बसलंय का ते अर्ध्या तासाने बघावं. पांढरे कपडे जाड कापडाचे हवेत, ओले झाल्यावर आरपार दिसणारे नकोत. प्रार्थनेचे शब्द ठरलेले आहेत, त्यातला एक चुकला किंवा बुडवताना पायाचा अंगठा, केस, कपड्याचं टोक पाण्यावर राहिलं तर पुन्हा करावं लागतं. दोन साक्षीदार याकडेच बघत असतात. २०१९ पासून ते बायकाही असू शकतात. उंच माणसाला हौदात गुडघे वाकवायला आधी कोरड्या जमिनीवर शिकवावं, गुडघे वाकवले नाहीत की पाय तरंगतात.

सोमवार सुट्टीचा, संध्याकाळी सहापर्यंत. धुणं, खरेदी, केस कापणं आणि घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फक्त नाताळला आणि मातृदिनाला बोलता यायचं, बाकी पत्रं किंवा ईमेल. आता दर आठवड्याला बोलता येतं. यूटातल्या घरासाठी जपानचा सोमवार सकाळी नऊ म्हणजे उन्हाळ्यात रविवार संध्याकाळी सहा, हिवाळ्यात पाच. फोन जरूर करावा, पण तासाभरात आवरावा. तीन तास आईशी बोललेल्या मुलाला संध्याकाळी खोली जास्त परकी वाटते, आणि तोवर शेजारी बसलेल्या जोडीदाराची सुट्टीही संपलेली असते.

मन थकतं. ते लपवण्याची सवय या मुलांना फार, कारण घरच्यांनी, गावाने मोठ्या आशेने पाठवलेलं असतं. चर्चच्या पुस्तिकेत ताणाच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत: हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. नारिंगीला पोचल्यावर झोप उडते, भूक जाते, साध्या गोष्टीला रडू येतं. त्या टप्प्यावर मिशनप्रमुखांना किंवा त्यांच्या पत्नीला सांगायलाच हवं, आणि मुलगा सांगत नसेल तर जोडीदाराने सांगावं. ही चहाडी होत नाही. काही जण वेळेआधी घरी जातात. त्यांची सेवा तेवढीच खरी असते, आणि त्यांना वॉर्डात मान खाली घालून बसावं लागू नये, हे बघणं घरच्या लोकांचं काम आहे.

जाण्याच्या आठवड्यात कामं ठरलेली: निघाल्याची पालिकेतली नोंद, सायकलचा कागद, ॲपमधल्या अपुऱ्या नोंदी. मिशनरी अधिकृतपणे मोकळा होतो तो घरी पोचून स्टेकच्या, म्हणजे अनेक वॉर्डांच्या गटाच्या, अध्यक्षांना भेटल्यावर, तोवर नावपट्टी छातीवरच. पण खोली सोडण्याआधी एक काम कुठल्याही पुस्तिकेत नाही आणि ते करावंच. फ्रिजवरच्या कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी नव्या मुलासाठी एक कागद चिकटवायचा: गॅसची डावी शेगडी दोनदा फिरवावी लागते, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना सकाळी नमस्कार केलेला आवडतो, मुशी-गोमुची पुडी वरच्या खणात आहे, आणि सायकलच्या कुलपाची दुसरी किल्ली बुटांच्या कपाटात, आतल्या खिळ्याला.